जुन्या चामड्याला तेल लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांची चामडी बॅग, वय साठीच्या आसपास, बरीच वर्षं बंद खोलीत पडून होती. आता बाहेर काढली तर पट्टे कडक झालेत, अंगावर पांढरे डाग आहेत, पितळी बकलांभोवती हिरवं काहीतरी साठलंय आणि कडांना हात लावला की विटकरी भुकटी बोटांना लागते. कोणतं तेल लावायचं आणि किती वेळा?

आज काहीही लावू नका. या चार तक्रारींची कारणं चार वेगवेगळी आहेत, आणि त्यांतल्या तीन तेलाने वाढतात. चौथीला, म्हणजे कडक पट्ट्याला, कदाचित थोडं काही लावावं लागेल, पण तेही सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे चामडं कडक वाटलं की ते ‘सुकलंय’ असं म्हणून तेल चोळायची सवय आहे. चामड्याच्या आत काय असतं ते समजलं की ही सवय आपोआप सुटते. कातडीत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. कमावताना हे तंतू झाडांच्या सालींमधल्या टॅनिनने, म्हणजे तुरट द्रव्याने, किंवा क्रोमियमच्या क्षारांनी बांधले जातात, म्हणून कातडं कुजत नाही. नंतर कारखान्यातच त्यात मोजून स्निग्धांश मुरवतात, तंतू एकमेकांवरून सरकावेत म्हणून. आणि या सगळ्याबरोबर चामड्यात कायम थोडं पाणी असतं, साधारण हवेत वजनाच्या दहा-पंधरा टक्के. मऊपणाचा मोठा वाटा या पाण्याचा. हवा कोरडी झाली की ते निघून जातं, हवा सुधारली की बऱ्याच अंशी परत येतं. तेल ही जागा घेऊ शकत नाही. ते तंतूंमधल्या पोकळ्या भरून टाकतं आणि पाण्याची ये-जा अडवतं.

शिवाय तेल स्वतः म्हातारं होतं. हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन ते आधी चिकट होतं, मग घट्ट होतं, चामडं काळवंडतं आणि खवट वास येऊ लागतो. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या वस्तूंमध्ये हाताळायला सगळ्यात अवघड असतात त्या वर्षानुवर्षं प्रेमाने तेल पाजलेल्या. नुसत्या धूळ खात पडलेल्या वस्तूचं काहीतरी करता येतं. तेलाने तुडुंब भरलेल्या चामड्यातून ते तेल घरच्या घरी काढायची सुरक्षित पद्धत नाही.

ग्रंथालयांत चामडी बांधणीच्या पुस्तकांना लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतली मेणचट चरबी), मधमाश्यांचं मेण, सीडरवुड तेल आणि हेक्झेन (लवकर उडून जाणारा द्रावक) यांचं मिश्रण कित्येक दशकं नियमाने लावलं जाई. ब्रिटिश म्युझियमच्या नावाने ते ओळखलं जातं. आज संवर्धनाचं काम करणारे लोक ते सरसकट लावत नाहीत, कारण त्याने चामड्याचं आयुष्य वाढत नाही हे लक्षात आलंय. उलट बाजूचा पुरावाही आहे. आर्मेनियातल्या अरेनी गावाजवळच्या गुहेत २००८ साली चामड्याचं एक पायताण सापडलं. वय सुमारे साडेपाच हजार वर्षं. वादीसुद्धा शाबूत. ते टिकलं ते गुहेतल्या थंड, कोरड्या हवेमुळे आणि वर बसलेल्या मेंढ्यांच्या लेंड्यांच्या थरामुळे. कुणी त्याला काही चोळत बसलं नव्हतं. माझा भर हवेवर आणि स्वच्छतेवर असतो तो याच कारणाने, आणि खाली तुम्हाला तो वारंवार दिसेल.

आता बॅग उजेडात घ्या आणि चामडं कोणतं आहे ते ओळखा. एखादी कापलेली कड बघा: पट्ट्याचं टोक, बकलाचं भोक, आतली शिवण. भिंगातून बघितलंत तर उत्तम. कड आरपार तपकिरी असेल तर बहुधा सालीने कमावलेलं चामडं. मधला थर निळसर-राखाडी दिसला तर क्रोमचं. क्रोमने कमावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली. पण बॅगा, खोगिरं, पट्टे, पुस्तकांच्या बांधण्या यांसाठी त्यानंतरही सालीचं चामडं भरपूर वापरलं गेलं. तुमच्या बॅगेच्या कडांना विटकरी भुकटी आहे, म्हणजे निदान तेवढा भाग तरी सालीचाच.

पृष्ठभागावर रंगाचा थर आहे की नाही हेही बघायला हवं. न दिसणाऱ्या आणि भुकटी नसलेल्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. लगेच मुरला आणि डाग गडद झाला तर चामडं उघडं आहे. मण्यासारखा तसाच राहिला तर वर रंगाचा किंवा मेणाचा थर आहे, आणि अशा चामड्यावर कुठलंही क्रीम चोळलंत तरी ते आत जाणार नाही, वर ओशट थर बनून धूळ धरेल. थेंब लगेच टिपून घ्या.

आणखी एक शक्यता तपासून बघा, कारण यात लोक फार फसतात. पृष्ठभागाचे पातळ पापुद्रे निघून खाली कापडाची वीण दिसत असेल तर ते चामडं नव्हेच. कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो आणि हवेतल्या दमटपणाने तो थर मोडत जातो. त्यावर उपाय नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालवू नका. खऱ्या चामड्याला भेगा पडतात, त्याची भुकटी होते, पण असे कापडावरून सोललेले पापुद्रे त्याचे निघत नाहीत.

आता भुकटीकडे येतो, कारण चौघांत गंभीर तीच आहे. याला इंग्रजी अंमलापासून ‘रेड रॉट’ म्हणतात आणि आमच्या कामातही तेच नाव चालतं. सालीने कमावलेल्या चामड्यात हवेतला सल्फर डायऑक्साइड शिरतो, आत त्याचं गंधकाम्ल होतं आणि ते आम्ल कोलॅजेनच्या साखळ्या तोडत जातं. जोडीला प्राणवायूचं काम चालूच असतं. कोळशाचा आणि वायूच्या दिव्यांचा धूर असलेल्या शहरांतल्या ग्रंथालयांत हे इतकं पसरलं की लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सची समिती नेमावी लागली. पुस्तकबांधणीच्या चामड्यावरचा तिचा अहवाल १९०५ मध्ये आला. टॅनिनचा प्रकारही महत्त्वाचा. बाभूळ, मिमोसा यांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं चामडं याला लवकर बळी पडतं. सुमाक नावाच्या झुडपाच्या पानांचं किंवा हिरड्याचं त्या मानाने तग धरतं.

हे नुकसान भरून निघत नाही. तुटलेले तंतू तेलाने जुळत नाहीत. तेल लावलं की भुकटी ओली होऊन बसते, दोन दिवस बरं वाटतं, मग तो भाग काळा पडतो आणि कुजका भाग खाली तसाच राहतो. पाणी तर त्याहून वाईट. भुकटी झालेल्या चामड्याला पाणी लागलं की ते क्षणात काळं पडतं, आक्रसतं आणि वाळल्यावर लाकडासारखं कडक होतं. म्हणून या भागाला ओलं फडकं लावू नका, ‘थोडंसं ओलसर’सुद्धा नको. मघाचा पाण्याचा थेंब भुकटी नसलेल्या जागीच ठेवा म्हटलं ते याचसाठी.

करता येतं ते इतकंच: भुकटी होणं थांबवणं. हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज नावाचं पांढरं चूर्ण आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून एक-दोन टक्क्यांचं पातळ द्रावण करतात. आधी सुटी भुकटी मऊ कुंचल्याने झटकायची, मग द्रावणाचा पातळ हात द्यायचा. ते आत शिरून मोकळे तंतू धरून ठेवतं, अल्कोहोल उडून जातं आणि पृष्ठभाग हाताला लागेनासा होतो. रंग किंचित गडद होऊ शकतो. काही रंगांना आणि लाखेच्या थरांना अल्कोहोल उतरवतं, म्हणून आधी कोपऱ्यात कापसाच्या काडीने लावून बघा. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत नको. पूर्ण वाळल्यावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा, म्हणजे मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा, अगदी पातळ थर देता येतो. आतलं आम्ल मात्र तसंच राहतं, त्यामुळे अशा भागावर ओढ किंवा भार येईल असा वापर करायचा नाही. कडांपुरतीच भुकटी असेल तर घरी जमेल. बॅगेचा मोठा भाग असा झाला असेल किंवा वस्तू खरोखर मोलाची असेल तर संवर्धकाकडे न्या.

पांढऱ्या डागांत तीन गोष्टी असू शकतात. बुरशी लव असल्यासारखी उभी, ठिपक्याठिपक्यांत, कुबट वासाची असते, आणि चामड्यासोबत दोऱ्यावर, अस्तरावरही दिसते. दुसरी गोष्ट चरबी: चामड्यातल्या किंवा कुणी पूर्वी लावलेल्या तेलातली घट्ट स्निग्धाम्लं वर येऊन बसतात. तो थर सपाट, मेणचट असतो आणि घडीच्या जागी जास्त दिसतो. तिसरा क्षार, घामाचा किंवा कमावतानाचा. तो कोरडा, चरचरीत असतो आणि पाण्यात विरघळतो. ओळखायची सोपी युक्ती अशी: एका ठिपक्यावर बोटाचं टोक थोडा वेळ दाबून धरा, किंवा केस वाळवायचं यंत्र सगळ्यात कमी आंचेवर लांबून दोन-चार सेकंद फिरवा. विरघळून दिसेनासं झालं तर चरबी. तसंच राहिलं तर बुरशी किंवा क्षार. भुकटी झालेल्या भागावर मात्र ऊब द्यायची नाही. सालीचं चांगलं चामडं ओलं असताना साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आक्रसतं. खराब झालेल्या चामड्याची ही मर्यादा कितीतरी खाली येते.

चरबी ऊब देऊन मऊ झाली की सुती फडक्याने टिपून घ्या. ती पुन्हा येईल, पुन्हा टिपा, दर वेळी थोडी कमी होईल. ज्या वस्तूतून चरबी स्वतःहून बाहेर येतेय तिला आणखी तेल देणं किती उलटं आहे हे सांगायला नको.

बुरशी घराबाहेर काढा, आणि तोंडाला एन-९५ मास्क लावून. आधी वस्तू सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या. ओली बुरशी पुसली की फासली जाते, वाळलेली सुटून येते. मऊ कुंचल्याने झाडताना दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी धरा म्हणजे बीजाणू तिथेच खेचले जातात. कडक उन्हात ठेवायचा मोह टाळा: वरची बुरशी मरेल पण चामडं रंग सोडेल आणि वाकडं होईल. मग ७० टक्के अल्कोहोल कापसावर घेऊन हलका हात, अर्थात आधी कोपऱ्यात चाचणी करूनच. अस्तराखाली पुठ्ठा असतो आणि खरं घर तिथे असतं, म्हणून बॅग उघडून नाक आत घाला. वास राहिला असेल तर काम झालेलं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर राहिली की बुरशी परत येते, कितीही पुसलीत तरी.

बकलांभोवतीचा हिरवा मेणचट लगदा म्हणजे पितळेतलं तांबं आणि चामड्यातली स्निग्धाम्लं यांचा साबण. भांड्यांवरच्या कळकाचाच हा चुलतभाऊ. जितकं तेल जास्त, तितका हा जास्त. बांबूच्या टोकदार काडीने उकरा, लाकूड मऊ असल्याने चरा पडत नाही. रिव्हेटच्या खाचेत काडी फिरवली की हिरवी वळी अखंड सुटून येते. उरलेलं कोरड्या कापसाने पुसा. पितळ घासून चकचकीत करायचं असेल तर बकलाखाली प्लास्टिकचा पातळ कागद सरकवा. पितळेच्या पॉलिशमध्ये बहुधा अमोनिया आणि घासणारी पूड असते. ते चामड्यावर गेलं की गडद डाग पडतो आणि टाक्यांत पांढरी पूड बसते ती निघता निघत नाही. माझं मत विचाराल तर लगदा काढा आणि पितळ आहे तसं राहू द्या. मेणाचा एक हात दिलात तर पुढचा लगदा बराच काळ लांबतो.

एवढं झाल्यावर साधी सफाई. तिचा मोठा भाग कोरडाच असतो: मऊ केसांचा कुंचला, शिवणींत फिरवून, कोपऱ्यांतून बाहेरच्या दिशेला. धुळीत वाळूचे कण असतात, धूळ न झाडता फडकं फिरवलंत तर तेच कण चरे पाडतात. नंतर काजळी उतरवायला मिळतो तो कोरडा रबरी स्पंज, घासायचा नाही, टिपत न्यायचा. एवढ्यावर बऱ्याचशा वस्तू स्वच्छ होतात. मळ उरलाच, आणि भाग धडधाकट असला, तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात फडकं बुडवून इतकं पिळा की तळहातावर फिरवल्यावर ओल जाणवेल पण थेंब दिसणार नाही. लहान लहान भाग घ्या आणि पाठोपाठ कोरडं फडकं. फडक्यावर चामड्याचा रंग दिसला की थांबा.

साबण शक्यतो नको. चामडं स्वभावाने आम्लधर्मी, पीएच (आम्लता मोजायचा आकडा, सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ३ ते ५. साबणाचा ९-१०. हा झटका जुन्या सालीच्या चामड्याला सोसत नाही, ते गडद होतं. ‘सॅडल सोप’ रोजच्या खोगिराच्या कामाचा आहे, पण तोही साबणच. व्हिनेगर आम्लात आम्ल घालतं. सोडा साबणाहून वेगळा नाही. ओल्या टिश्यू आणि सॅनिटायझर रंगाचा थर उतरवतात. केळ्याची साल, दूध, टूथपेस्ट हे सगळं बुरशीला आणि किड्यांना खाद्य आहे किंवा घासणारं आहे. खोबरेल थंडीत गोठून पांढरं वर येतं, गोडेतेल आणि ऑलिव्ह खवट होतात, जवस तर वाळून चक्क वार्निश होतं.

आता पट्टे. कडक पट्टा हातात घेऊन पहिलं काम त्याला वाकवून बघणं, हे जवळपास सगळे करतात आणि तिथेच पट्टा तुटतो. आधी बॅग ५० ते ५५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत दोन आठवडे नुसती ठेवा. साधं आर्द्रतामापक यंत्र सहज मिळतं आणि चामड्याच्या वस्तू असलेल्या घरात ते तेलाच्या बाटलीपेक्षा कामाचं. बहुतेक वेळा पट्टा स्वतःहून बराच सैल होतो. कधीतरी तो भिजून उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवला गेला असेल तर कोलॅजेनचं जिलेटिन झालेलं असतं. तो भाग काचेसारखा चकाकतो, टिचकी मारली की खणखणतो, आणि तो मऊ होणार नाही.

दोन आठवड्यांनंतरही पट्टा राठ वाटला, भुकटी नसली आणि बॅग खरोखर वापरायची असली, तर लॅनोलिन किंवा नीट्सफूट तेल असलेलं चांगलं क्रीम घ्या. नीट्सफूट तेल गुरांच्या नळीच्या आणि पायांच्या हाडांपासून काढतात. शुद्ध बघून घ्या, ‘कंपाउंड’ लिहिलेल्यात खनिज तेलं मिसळलेली असतात. क्रीम फडक्यावर घ्यायचं, थेट चामड्यावर नाही. हातभर पट्ट्याला वाटाण्याएवढं पुरे. आतल्या, खरखरीत बाजूने लावा, तिथे रंगाचा थर नसतो. टाके वाचवा, जुना सुती दोरा तेलाने फुगतो आणि धूळ धरतो. एक दिवस थांबा. मग पट्टा गोल बाटलीवरून अलगद फिरवा, दुमडू नका. आडव्या बारीक भेगा उमटू लागल्या तर तिथेच थांबा. फरक जाणवला तर दुसरा हात द्यायचा नाही. रोज वापरातल्या वस्तूला वर्षातून एकदा एवढं पुष्कळ आणि ठेवणीतल्या वस्तूला मुळीच नको.

सुएड आणि नुबक, म्हणजे मखमलीसारखी लव असलेलं चामडं, यांना क्रीम लावूच नका. फक्त कुंचला आणि डागांपुरतं खोडरबर. पेटंट लेदरला, म्हणजे वर चकचकीत थर दिलेल्या चामड्याला, कोरडं फडकं, आणि ती वस्तू दुसऱ्या कशाला चिकटून ठेवू नका.

ठेवायची कुठे? माळा तापतो, तळघर दमट राहतं, बाहेरच्या भिंतीला लागलेलं कपाट पावसाळ्यात ओल धरतं. घराच्या मधल्या भागातलं, हवा खेळतं कपाट बघा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, आणि आकड्यापेक्षाही ती रोज वर-खाली होत नाही हे जास्त महत्त्वाचं. बॅग आम्लमुक्त कागदाच्या बोळ्यांनी सैलसर भरा म्हणजे ती बसणार नाही. वर्तमानपत्र नको, शाई लागते आणि कागदाचं आम्ल उतरतं. बकलं लावून पट्टे ताणू नका. वरून धुतलेल्या सुती कापडाची पिशवी, प्लास्टिक नको. वर्षातून दोनदा बाहेर काढून बघा, त्यातली एक खेप पावसाळ्याच्या शेवटी. कातडी खाणाऱ्या किड्यांच्या केसाळ अळ्यांची कात दिसली तर वस्तू घट्ट पिशवीत बंद करून उणे २० अंशाला आठवडाभर गोठवतात. पिशवी उघडायची ती पूर्ण सामान्य तापमानाला आल्यावर, नाहीतर चामड्यावर दव पडतं.

एक निर्णय तुमचा आहे: ही बॅग पुन्हा हातात धरून न्यायची की जपून ठेवायची. न्यायची असेल तर मूठ आणि भाराचे पट्टे नवे करून घ्या. साठ वर्षांच्या चामड्याने वजन पेलावं अशी अपेक्षा करू नका, वरून ते कितीही छान दिसत असलं तरी. कारागिराला सांगा की आरी जुन्याच भोकांतून घाल, नवी भोकं पाडलीस तर त्या ओळीवर चामडं तिकिटासारखं फाटतं. काढलेली जुनी मूठ फेकू देऊ नका. आम्लमुक्त कागदात गुंडाळून बॅगेतच ठेवा, आणि सोबत एका चिठ्ठीवर बॅग कोणाची, काय दुरुस्त केलं, काय लावलं आणि कधी, हे पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढे जो कोणी ती उघडेल त्याला ही माहिती हवीच असते, आणि चामडं बघून ती क्वचितच कळते.